फाटकवाल्याचं बयान

रामटेके काका रविवारी दुपारी चार वाजता कार्टून पाहायला बसतात, तेव्हा त्यांना एक साक्षीदार लागतो. गेली दोन वर्षं तो साक्षीदार मी आहे. खालच्या मजल्यावर भाड्याने राहणारी, शाळेत विज्ञान शिकवणारी बाई. पहिल्यांदा त्यांनी जिन्यावरून हाक मारून वर बोलावलं, तेव्हा मी विचारलं होतं, मुलांच्या कार्टूनला साक्षीदार कशाला?

"एकट्यानं ऐकलेलं बयान कोणी मानत नाही, बाई," काका म्हणाले. "बसा."

काका रेल्वेच्या ऑफिसातून रिटायर झालेले. कर्मचाऱ्यांच्या चौकश्या चालत, त्यात माणसांना प्रश्न विचारणं आणि ती काय सांगतात ते शब्दन् शब्द लिहून घेणं, हे त्यांचं काम. तीस वर्षं समोरचा माणूस काहीतरी लपवतोय असं धरूनच ते लिहीत राहिले. रिटायर झाल्यावर टेबल सुटलं, सवय सुटली नाही.

मी खोली बघायला आले त्या दिवशीच त्यांनी माझी जबानी घेतली.

"नागपूर सोडून रायपूरले आल्या. काहून?"

"बदली झाली."

"झाली का मागितली?"

"झाली."

"मंग चेहरा खुश काहून आहे?"

खोली हवेशीर होती म्हणून मी हसत होते. पण ते उत्तर त्यांना पटलं नाही, आणि तेव्हापासून मी त्यांच्यासमोर बेताने हसते.

आमच्या तात्यापारा मोहल्ल्यात त्यांच्या तावडीतून सुटलेला माणूस नसेल. भाजीवाल्याने वरून कोथिंबीर टाकली, की काका तिथेच पिशवी रिकामी करतात. "फुकट देऊन राहिला, म्हणजे टमाट्यात काहीतरी आहे." दुर्दैव असं, की एकदा खरंच दोन टमाटे सडके निघाले. त्यानंतर त्यांना समजवायची सोय राहिली नाही. समोरच्या घरी लग्न होतं, पत्रिकेत मुहूर्त संध्याकाळी सात वाजून तेरा मिनिटं असा छापलेला. काका ती पत्रिका दोन दिवस खिशात घेऊन फिरले. "सात समजलं. हे तेरा मिनिटं कशाचे आहेत, ते कोणी सांगून नाही राहिलं."

घरात ते आणि त्यांची नात तन्वी, दोघंच. काकू जाऊन बरीच वर्षं झाली. तन्वी मुलीची मुलगी, यंदा नववीत आहे. ती तीन वर्षांची असताना तिची आई, सुनीता, गेली. वडील शहराबाहेरच्या भनपुरीतल्या एका ट्रान्सपोर्टचा ट्रक चालवतात आणि महिन्यातले वीस दिवस रस्त्यावर असतात. म्हणून पोरगी आजोबांकडे वाढली. काका तिच्याशी मराठीत बोलतात, तिला सगळं कळतं, आणि ती उत्तर हिंदीत देते. दोघांनाही यात काही वेगळं वाटत नाही.

ते कार्टून तिचंच. "नाना, कार्टून नहीं, ॲनिमे," असं ती दर आठवड्याला सांगते. जपानी मालिका, हिंदीत बोलणारी. निळ्या केसांची एक मुलगी, पाठीला तलवार. डोंगरात एक मोठं दगडी दार, पलीकडे राक्षसांचा मुलूख. त्या दारावर पहारा देणाऱ्या म्हाताऱ्याने या मुलीला लहानाचं मोठं केलेलं. तिची आई कधीकाळी त्या दारातून आत गेली ती परत आली नाही. मुलीने विचारलं, की म्हातारा म्हणतो, वेळ आली की सांगीन.

रेल्वेच्या माणसाने त्या म्हाताऱ्याचं नाव 'फाटकवाला' ठेवलं, यात नवल नाही. मुलगी 'निळी'.

काका मांडीवर जुनं रजिस्टर घेऊन बसतात आणि तन्वीला मध्येच थांबवायला लावतात. तलवार शंभर वर्षं दगडात खुपसलेली होती, मग गंज काहून नाही? कोण तेल लावून राहिलं होतं? निळी आठ दिवस जंगलात फिरली, केसांत गुंता नाही. तिच्यासोबत कोणीतरी बाई आहे, जी दाखवून नाही राहिले. एक बोलणारा कोल्हा येतो. काकांना कोल्हा बोलतो याचं काही वाटलं नाही. तो निळीचं नाव न विचारता घेतो, हे मात्र त्यांनी लाल शाईत लिहिलं.

मला हसू यायचं आणि मी ते दाबायचे. तन्वी हसायची नाही. गेल्या हिवाळ्यात एकदा ती जिन्यावर माझ्याजवळ थांबली.

"आंटी, नाना सबके बारे में पूछते हैं. फाटकवाले के बारे में नहीं पूछते. आपने देखा?"

मी तसं पाहिलं नव्हतं.

"और मम्मी की बात निकलती है, तो पानी पीने उठ जाते हैं. कुछ छुपा रहे हैं."

मी तिला म्हटलं, असं काही नसतं गं. पण पुढच्या रविवारी मीही टीव्हीऐवजी काकांकडे पाहत बसले. पोरगी बरोबर बोलत होती. कोल्ह्याच्या सात पिढ्या काढणारा हा माणूस, म्हातारा पडद्यावर आला की पेन खाली ठेवायचा. एकदा निळी म्हणाली, माझी आई कशी होती, तेवढं तरी सांगा. काका उठले आणि स्वयंपाकघरात गेले. माठाच्या झाकणाचा आवाज आला, पण पेला भरल्याचा आला नाही. मग मलाही संशय आला, आणि संशय आला की झोप कशी चाळवते ते मला तेव्हा कळलं.

तो भाग मार्चमध्ये आला. तन्वी सकाळपासून सांगत होती, आज फाटकवाल्याची मागची गोष्ट दाखवणार आहेत. काका चार वाजता बसले. रजिस्टर होतं, पेनाचं टोपण काढलेलं नव्हतं.

पडद्यावर म्हातारा तरुण झाला. बर्फ पडत होता. दाराच्या पलीकडून कोणीतरी थाप मारत होतं. बाईचा आवाज आला. ती निळीची आई होती. दार उघडा, मी जखमी आहे, असं ती म्हणत होती. राक्षस माणसांचे आवाज काढतात, हे त्याला माहीत होतं. त्याने विचार केला, हा डाव आहे. त्याने अडसर घट्ट धरून ठेवला. सकाळपर्यंत आवाज बंद झाला होता. ती खरंच आई होती की राक्षस, ते दाखवलंच नाही. भाग तिथेच संपला.

"खोला क्यों नहीं?" तन्वी टीव्हीकडे बघत म्हणाली. "एक बार खोल के देख तो लेता."

तिने आवाज बंद केला आणि काकांकडे वळली.

"नाना, आप क्यों नहीं पूछते इसके बारे में?"

मी उठायला लागले. काकांनी हाताने मला बसायला सांगितलं. माझ्याकडे न बघता.

"तुह्या आईनं फोन केला होता," ते म्हणाले.

त्यांनी ते सरळ सांगितलं, जसं त्यांच्यासमोर बसून कोणी सांगावं असं त्यांना तीस वर्षं वाटत होतं. मुलीने दुसऱ्या समाजातल्या पोराशी लग्न केलं, म्हणून चार वर्षं ते तिच्याशी बोलले नव्हते. एक दिवस तिचा फोन आला. बाबा, मले बरं नाही, एकदा येऊन जा. जावई तेव्हा नागपूरला होते, तिला तिथल्याच दवाखान्यात ठेवलं होतं.

"मले वाटलं, बहाणा करून राहिली. मले बोलावण्यासाठी. मी गेलो नाही. एका ओळखीच्या माणसाले पाठवलं, पाहून ये म्हटलं, खरंच बिमार आहे का." त्यांनी रजिस्टर मिटून बाजूला ठेवलं. "तो पाहून आला. खरं आहे म्हणे. मंग मी गाडीत बसलो. पोचलो तर ती बोलत नव्हती. डोळे बंद होते. दुसऱ्या दिवशी गेली."

बाहेर रिक्षाचा हॉर्न वाजला. तन्वी पाय वर घेऊन बसली होती, गुडघ्यांना हात बांधून.

"मम्मी को पता था, आप आ रहे हो?"

ते 'हो' म्हणू शकले असते. ती लहान होती, मी साक्षीदार असले तरी मला काय माहीत होतं?

"मले माहीत नाही," ते म्हणाले.

"पापा को पता होगा. पापा वहीं थे."

"हव."

"आपने पूछा नहीं कभी?"

"अकरा वर्षं झाले. हिंमत नाही झाली."

तन्वीने फोन उचलला आणि लावला. मला वाटलं, काका तिचा हात धरतील. त्यांनी धरला नाही. "पापा," ती म्हणाली, "नाना को कुछ पूछना है," आणि फोन त्यांच्याकडे दिला.

माणसांना प्रश्न विचारून ज्याची नोकरी झाली, त्याला पहिला प्रश्न सुचेना.

"खाना हुआ क्या?" काका म्हणाले. मग, "गाडी साइड में लगा लो पहले. जल्दी नहीं है."

पलीकडे जावयांनी ट्रक बाजूला घेतला असेल. काका वाट पाहत बसले.

"सुनीता... उसको मालूम था क्या, मैं निकला हूँ करके?"

पलीकडचा माणूस बोलायला लागला. काय ते मला ऐकू येत नव्हतं. बराच वेळ बोलत होता. काका ऐकत होते, मध्येच एकदाही न तोडता. असं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला.

"हव," ते म्हणाले. मग पुन्हा, "हव, बेटा."

जावयाला ते बेटा म्हणतात, हे मी पहिल्यांदाच ऐकत होते. तन्वीलाही नवीन असावं, कारण तिने मान वर केली.

"एक बार और बोलो," काका फोनमध्ये म्हणाले. "लड़की को भी सुनने दो." आणि त्यांनी तो तिच्या कानाशी धरला. तिने आपला हात त्यांच्या हातावर ठेवला.

मी चपला हातात घेऊन खाली आले. जावई काय म्हणाले ते मला कोणी सांगितलं नाही, आणि मी विचारलेलं नाही. मग वरून दोघांचं बोलणं ऐकू यायला लागलं, एकाचं मराठीतून आणि एकीचं हिंदीतून, आणि मी दिवे लावले तरी ते चालूच होतं.