अर्ध्या कीर्तनाची बखर

श्री. ज्याची कथा ऐकतां कोरड्या डोळ्यांस पाझर फुटतो आणि ज्याचें नांव घेतां वैऱ्याचेंही बरें व्हावें ऐसें वाटों लागतें, त्या श्रीहरीस आधीं दंडवत. मग वीणा खांद्यास लावून ज्यांनीं उभ्याउभ्यानें जन्म घालविला, त्या सकळ हरिदासांस दंडवत. शके सोळाशें एकावन्न, सौम्य नाम संवत्सर, मार्गशीर्ष मास, ते समयीं एका राज्यांत जें वर्तमान जाहलें तें वडिलांचे मुखें ऐकिलें तैसें लिहितों. राज्याचें नांव लिहीत नाहीं. ज्याचें त्यास कळेल.

त्या राजधानींत नदी वाहे, आणि नदीच्या अलीकडे वरची पेठ व पलीकडे खालची पेठ. पूर्वीं दोहोंचा देव एक, उत्सव एक आणि कीर्तनही एकच. गोसावीबुवा म्हणोन थोर हरिदास होते, ते वाळवंटीं उभे राहत आणि दोन्ही कांठ बसोन ऐकत. पूर्वरंगीं उपदेश करावा, माणसानें कैसें वागावें तें सांगावें, मग मध्यें बुक्का लावावा, हार घालावा, आणि मग उत्तररंगीं कथा लावावी, म्हणजे जें कानीं पडलें तें काळजांत उतरतें, ऐसी कीर्तनाची रीत. परंतु बुवा वैकुंठवासी जाहले, आणि पालखी आधीं कोणत्या पेठेंत न्यावी यावरून तंटा लागला, लाठ्या चालल्या, डोकीं फुटलीं, मग देवळें दोन जाहलीं, आणि बुवांचे दोन शिष्य होते तेही वांटून घेतले. विश्वंभरबुवा वरच्या पेठेनें नेले, निंबराजबुवा खालच्या पेठेनें नेले. विश्वंभरबुवांस उपदेशाचें अंग, निंबराजबुवांस कथेचें अंग. मग वरच्या पेठेनें म्हटलें, उपदेश हेंच कीर्तन, कथा हा पोराबाळांचा खेळ. आणि खालच्या पेठेनें म्हटलें, कथा हेंच कीर्तन, उपदेश ही नुसती डोकेदुखी. तेव्हांपासून वरच्या पेठेंत बुक्का लागला कीं मंडळी उठोन घरीं जात, आणि तिकडचे लोक घरीं गेले कीं खालच्या पेठेंत बुक्का लावून कीर्तन आरंभीत. ऐसें अर्धें अर्धें कीर्तन ऐकोन एक पिढी वाढली. वरच्या पेठेचे लोक नियमाचे पक्के, परंतु कोणाचें दुःख पाहोन डोळा ओला होईना. आणि खालच्या पेठेचे लोक कथेंत हुंदके देत आणि मंडपाबाहेर येतांच जोड्यांवरून भांडत.

महाराज दयाळू होते. तयांच्या मनीं आलें कीं, देव दोन जाहले ते जाहले, परंतु दोहोंस मान्य होईल ऐसा नीतीचा एक पाठ असावा आणि तो दोन्ही मंडपीं सांगितला जावा. मग सभा भरविली. वरच्या पेठेचे अनंतभट शास्त्री आले, खालच्या पेठेचे बहिरशेट आले, आणि सदरेवर एकमेकांकडे पाठ करूनच बैसले. महाराजांनीं पुसिलें, "सत्य बोलावें, हें मान्य?" दोघेही म्हणाले, मान्य. "चोरी करूं नये, भुकेल्यास अन्न द्यावें?" तेंही मान्य. महाराज बहुत संतोष पावले आणि पेढे आणविले. मग लिहिणारानें लेखणी थांबवून पुसिलें, "सत्य बोलावें, तें कोणाशीं, ऐसें लिहूं?" अनंतभट म्हणाले, "आपल्या माणसाशीं. त्यांत पुसायचें तें काय?" बहिरशेट म्हणाले, "आज पहिल्यानें शास्त्रीबुवांचें पटलें!" मग ऐसा करार जाहला कीं, ज्या पेठेंत गुन्हा घडेल त्या पेठेचीच साक्ष ग्राह्य, दुसरीची साक्ष धरूं नये. महाराजांनीं शिक्का केला, परंतु पेढा तोंडीं घातला नाहीं.

पुढें मार्गशीर्ष शुद्ध एकादशीस वरच्या पेठेंत विश्वंभरबुवांचा उपदेश जाहला, बुक्का लागला, लोक घरीं गेले, आणि कांहीं वेळानें मंडप पेटला. गोसावीबुवांच्या पादुका तेथें होत्या, त्या जळाल्या. पेठेंत एकच आकांत जाहला. त्याच दिवशीं सकाळीं खालच्या पेठेचा मृदंगी सटवोजी पादुकांस हात लावावयास मंडपांत आला होता आणि तयास धक्के मारून बाहेर घातलें होतें. मग लोक म्हणाले, अपमानाचा सूड घेतला, दुसरें काय! सटवोजीस धरून सदरेवर आणिलें. तो म्हणाला, "महाराज, मंडप पेटला तेव्हां मी आमच्या कीर्तनांत मृदंगावर होतों. भरल्या मंडपानें माझा हात ऐकिला आहे." अनंतभट म्हणाले, "भरला मंडप कोणाचा? खालच्या पेठेचा. तो आम्हांस रिकामाच." महाराज आपल्याच शिक्क्यानें बांधले गेले. आज्ञा जाहली कीं, पौर्णिमेपर्यंत वरच्या पेठेची साक्ष न मिळाल्यास सटवोजीचा उजवा हात मनगटापासून तोडावा. मृदंग्याचा हात! वर्तमान ऐकोन निंबराजबुवांनीं अन्न वर्ज्य केलें.

सटवोजीची आई भागाई म्हणोन होती. ती नदी उतरोन भर दुपारीं विश्वंभरबुवांच्या अंगणांत येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "बुवा, ओळखलेंत? खालच्या मंडपाच्या दारीं पाण्याचा रांजण घेऊन बसतें, ती मी." बुवा म्हणाले, "बाई, मी त्या मंडपाकडे कशास येऊं?"

"घोंगडीची खोळ डोईवरून ओढून येतां. माझ्या हातचें पाणी पितां आणि तांब्या पालथा ठेवितां. गोसावीबुवा ठेवीत तैसा."

बुवांनीं वळोन कोणी ऐकतें कीं काय तें पाहिलें. मग तीच म्हणाली, "भिऊं नका. आजवर कोणास सांगितलें नाहीं आणि आतांही सांगणार नाहीं. सांगितलें तरी तुमच्या पेठेस मी रिकामीच." बुवांनीं पुसिलें, "मग कां आलीस?" ती म्हणाली, "पोराचा हात जायचा. तो हात काय आहे हें तुम्ही ऐकिलें आहे. दुसऱ्या कोणापुढें जाऊन रडूं?" ऐसें बोलोन तिनें पदरानें तोंड पुसलें आणि आल्या वाटेनें गेली.

आतां खरें तें ऐसें कीं, बुवा उपदेशाचे धनी, परंतु जीव कथेसाठीं तुटत असे. गुरूंची कथेची चाल निंबराजबुवांच्या गळ्यांत राहिली होती, तेवढी ऐकावयास ते दर एकादशीस खोळ घेऊन चोरून जात. त्या एकादशीसही तेथेंच होते, खांबाआड बसोन सटवोजीची थाप डोळे मिटून ऐकत होते. परंतु गुरूंची वीणा तयांच्या हातीं देतांना पेठेनें शब्द घेतला होता कीं, खालच्या मंडपाची पायरी चढाल तर वीणा परत घेऊं. म्हणजे खरें बोलावें तर वीणा जाते, न बोलावें तर हात जातो. बुवांनीं ते दिवस कैसे काढिले तें तयांस ठाऊक.

पौर्णिमेस वाळवंटीं दोन्ही पेठा जमल्या. शिक्षेआधीं हरिदासानें उपदेश करावा, ऐसी त्या राज्याची रीत. विश्वंभरबुवा वीणा घेऊन उभे राहिले आणि सत्य बोलावें यावर बोलिले, नेहमींप्रमाणें चोख बोलिले. मग बुक्क्याची वाटी फिरली, आणि वरच्या पेठेचे लोक संवयीनें धोतरें झाडीत उठले, आणि कोयता घेतलेला माणूस पुढें सरला. बुवा म्हणाले, "बसा."

एकजण म्हणाला, "बुक्का लागला कीं, बुवा!"

"लागला, म्हणोनच बसा. आज कथा आहे."

अनंतभट तडकले, "ही कोणती नवी रीत?"

"जुनीच आहे, शास्त्रीबुवा. आपण वडिलांच्या मांडीवर बसोन ऐकत होतां, आणि घोरतही होतां."

तेव्हां दोन्ही कांठ हंसले, आणि हंसल्यामुळें बसलेही. मग बुवांनीं कथा लाविली. "एके नगरीं एक हरिदास होता. तो लोकांस सत्य सांगे आणि आपण खोळ पांघरून हिंडे." परंतु तयांस कथेची संवय नव्हती, चाल चुके, शब्द अडखळे. पलीकडून निंबराजबुवांस तें ऐकवेना. तयांनीं उपाशी पोटीं सूर धरिला आणि जेथें विश्वंभरबुवा अडत तेथें ते उचलोन घेत. गुरुबंधू इतक्या वर्षांनीं एका सुरांत आले, आणि म्हातारीं माणसें मोठ्यानें रडों लागलीं. कथा खांबापाशीं आली, मृदंगापाशीं आली, मग विश्वंभरबुवांनीं पागोटें काढून वाळूवर ठेविलें आणि म्हणाले, "तो हरिदास मीच. मंडप पेटला तेव्हां सटवोजी मृदंगावर होता. मी वरच्या पेठेचा, माझी साक्ष धरा."

अनंतभटांचा चेहरा उतरला, तरी ते म्हणाले, "मग मंडप काय देवानें पेटविला?" तेव्हां वरच्या पेठेचा दिवट्या खेळोजी, ज्याचें काम मंडपांतील मशाली विझविण्याचें, तो पुढें आला. "महाराज, मशाली मीं विझविल्याच नाहींत. बुवा निघाले, मागोमाग मीही निघालों. आधीं पलीकडे कथा ऐकूं, मग येऊन विझवूं, म्हटलें. पडदा वाऱ्यानें मशालीवर गेला असेल. पाप माझें."

अनंतभट ओरडले, "अरे गाढवा!"

महाराज म्हणाले, "तयास शिव्या देऊं नका, शास्त्रीबुवा. तो आपला माणूस, आणि आपल्या माणसांशीं सत्य बोलिला. करार पाळिला कीं त्यानें!"

निंबराजबुवा म्हणाले, "महाराज, कथा संपली नाहीं आणि मृदंग गप्प आहे." महाराज म्हणाले, "सटवोजीचे हात सोडा." दोर सोडले, मृदंग पुढें ठेविला. मनगटें सुजलीं होतीं, पहिली थाप चुकली, दुसरीही चुकली. विश्वंभरबुवा तसेच थांबोन राहिले. मग तिसरी बरोबर पडली, आणि कथा पुरी जाहली.

परंतु वरच्या पेठेनें शब्द सोडिला नाहीं. दुसरे दिवशीं चौघे येऊन वीणा मागते जाहले. बुवांनीं ती पुसली, तिच्यावर मस्तक ठेविलें आणि दोन्ही हातांनीं दिली. खेळोजीनें आपल्या हातें मंडप नवा बांधिला.

येणेंप्रमाणें वर्तमान जाहलें. दोन पेठा एक जाहल्या ऐसें लिहिलें तर खोटें होईल. देवळें अद्याप दोन, पालख्या दोन, भांडणें तर कितीही. जुना करार मात्र महाराजांनीं फाडिला, आणि नीतीच्या पाठांत "सत्य बोलावें" यापुढें "आपल्या माणसाशीं" ऐसें लिहिलें होतें तें खोडविलें. दर एकादशीस वाळवंटीं दोघे गुरुबंधू पुरें कीर्तन करितात, एक उपदेश सांगतो, एक कथा लावितो, आणि दोन्हीकडचे थोडे थोडे लोक येतात. भागाई रांजण घेऊन बसते. विश्वंभरबुवा वीणेवांचून येतात, तिच्या हातचें पाणी पितात आणि तांब्या पालथा ठेवितात. डोईवर घोंगडी नसते.