खडकीच्या वाईनचा शेरा

इंदुमती गायखे यांच्या खडकी नावाच्या जमिनीच्या तुकड्यातल्या, सिरा जातीच्या द्राक्षांच्या वाईनने परीक्षकाला चाखलं आणि नापास केलं. परीक्षकाने ग्लास फिरवून नाक आत घातलं, तेवढ्यात वाईननेच त्याचा वास घेतला. "सुरुवातीला अत्तर, मध्ये मिसळीची तर्री, शेवट तोकडा," असा शेरा ग्लासातून सगळ्यांना स्पष्ट ऐकू आला.

तर्रीची चूक इंदुमतीबाईंची. चाखणीआधी पाहुण्याला तिखट द्यायचं नसतं, हे त्यांना ठाऊक होतं. पण नाशकात आलेल्या माणसाला मिसळ न खिलवता कामाला लावायचं, हे काही त्यांच्याने होईना.

चाखणी समितीचे अध्यक्ष धारणकर यांनी तिथेच बैठक घेतली. वाईनने संध्याकाळपर्यंत माफी मागावी, नाहीतर बाटलीवर खडकीचं नाव लागणार नाही आणि सगळं पिंप सामायिक टाकीत ओतलं जाईल, असं ठरलं. या मुरमाड तुकड्यात द्राक्षं लावली तेव्हा अख्खा गाव बाईंना हसला होता. खडकीचं नाव बाटलीवर वाचायचं, या एका हट्टापायी त्यांनी आपली उमेदीची वर्षं तिथे घातली होती.

"मिसळीमुळे गैरसमज झाला, असं माफीनाम्यात लिहू," अध्यक्ष समजुतीने म्हणाले. "वाईन सज्ञान नाही. पालक म्हणून तुम्ही सही करा."

"मिसळ मी वगळली होती," वाईन म्हणाली. "तिच्याखालचा माणूस पाहूनच शेरा दिला."

परीक्षकाने रुमालाने कपाळ पुसलं.

बाईंनी पेन उचललं. सही केली की खडकीचं नाव टिकणार होतं. पण खरं बोललेल्या पोरीला खोटं पाडून तेच नाव तिच्या कपाळी चिकटवायचं, या विचाराने त्यांचं डोकं फिरलं. त्यांनी पेन आपटलं आणि ग्लास नाकाशी नेला.

"मला चाख गं. मी नापास झाले तर करते सही."

वाईनने घाई केली नाही. "उन्हात तापलेला दगड," ती सावकाश म्हणाली. "मग मिरी. मग राग, चांगला मुरलेला. शेवट संपतच नाही."

"ऐकलं ना, साहेब? नाही करत सही. ओता काय ओतायचं ते!"

नियम तो नियम. पिंप टाकीत रिकामं झालं. बाईंना रडू फुटलं आणि त्यांनी ते लपवलं नाही. टाकीत आजूबाजूच्या सगळ्या मळ्यांची वाईन होती. गोडगोड, येईल त्याला पास करणारी.

कारकून 'सामायिक' अशी पाटी लावायला गेला.

"खडकी," टाकी आतून म्हणाली.

कारकुनाने अध्यक्षांकडे पाहिलं.

"त्यांच्याकडं काय बघतो? ती सांगती ते लिही," डोळे पुसत बाई म्हणाल्या.

"आणि अध्यक्ष, पुढे या," टाकी म्हणाली.

धारणकरांनी तोंडातली वेलची थुंकली, मुकाट्याने चूळ भरली आणि तोटीशी वाकून उभे राहिले. त्यांच्यामागे समितीचे बाकीचे सदस्य रांगेत लागले.