रहमतबींच्या कुंडीचा रिपोर्ट

शारिकनं माती ठेवायला पंढरीकाकांचं अंगण मागितलं ते चार दिवसांसाठी. त्याला आता तीन आठवडे होत आले होते.

शारिक नांदेडात घरं बांधायची कामं घेतो. या वेळी काम त्याच्याच गल्लीत होतं. तळघरासाठी खोदलेला मुरूम ठेवायला जागा नव्हती, म्हणून शेजारच्या काकांच्या मोकळ्या अंगणात ढीग लावला. काका रेल्वेतून निवृत्त झालेले, वेळेचे पक्के. आणि येत्या रविवारी त्याच अंगणात त्यांच्या थोरल्या लेकीचं, धम्मप्रियाचं लग्न होतं.

"शारिक, मांडव कुठं घालू? ढिगावर?" काका रोज सकाळी एवढंच विचारत. आवाज चढवत नसत. त्यांनी चार शिव्या हासडल्या असत्या तर शारिकला बरं वाटलं असतं. याच अंगणात काकांनी त्याला सायकल शिकवली होती, आणि त्यांच्याच लेकीच्या लग्नात आपण आडवे आलो, याची त्याला मनापासून लाज वाटत होती.

तरी ढीग हलेना, कारण खोदलेली जागा जुन्या गॅरेजची. राडारोड्याच्या डेपोवरचे साहेब म्हणाले, "गॅरेजची माती हाय, ऑईल मुरलेलं असंल. तपासणीचा कागद आना, मंग गाड्या सोडा."

शारिकनं शनिवारी ढिगाच्या पाच ठिकाणची माती काढली, एकत्र कालवली आणि पिशवीत भरून घरी आणली. लॅब उघडणार सोमवारी. तोवर पिशवी जिन्याखाली ठेवली आणि तिथंच सगळा घोळ झाला.

शारिकच्या आई, रहमतबी, यांचं गच्चीवर एक मेंदीचं झाड आहे. कुंडीत पाणी साचून ते पिवळं पडत चाललं होतं. निचऱ्याला मुरमाड माती हवी होती, आणि जिन्याखाली पाहतात तो पिशवीभर तयार. रहमतबींनी ती घेतली. पण बाई तत्त्वाची. शेजारणीकडून वाटीभर साखर आणली, तर परत देताना वाटी शिगोशीग भरून देणारी. लेकाची पिशवी ती रिकामी कशी ठेवील? कुंडीतली जुनी माती त्यांनी पिशवीत मापून घातली, वर मूठभर जास्त घातली आणि तोंड होतं तसं सुतळीनं बांधून टाकलं. शारिकला सांगितलं नाही. हिशेब चुकता झाल्यावर सांगायचं काय, असा त्यांचा विचार.

गुरुवारी लॅबमधल्या सुगतचा फोन आला.

"शारिकभाई, ऑईल काही न्हाई सापडलं. पन मला सांगा, तिथं गॅरेज होतं का खानावळ?"

रिपोर्टात लिहिलं होतं: चहाचा चोथा, अंड्याची टरफलं, हाडाचे तुकडे. डेपोवरच्या साहेबांनी कागद वाचला आणि दोन बोटांनी धरून परत दिला. "ह्यो कुजनारा माल हाय. आपल्याकडं चालत न्हाई. ढीग जाग्यावरून बाहेर न्यायचा न्हाई."

हाडांची बातमी शारिकच्या आधी गल्लीत पोचली. जेसीबीवाला भुजंग मशीन बंद करून खाली उतरला. "हाडं कुनाची हायत ते कळल्याबिगर मी बकेट लावत न्हाई. मला लेकरंबाळं हायत." माणसं जमली. जो तो ढिगाकडं बघून आपापल्या परीनं घाबरू लागला. पंढरीकाका पायरीवर बसले. "पाव्हन्यांना काय सांगू रे आता?" ते हळूच म्हणाले. शारिकला मान वर करवेना.

दुपारी घरी येऊन त्यानं तोच कागद बायकोला, अफसानाला, वाचून दाखवला. रहमतबी भाजी निवडत ऐकत होत्या. त्यांचा चेहरा हळूहळू खुलत गेला.

"नळीचं हाड हाय का बघ त्यात," त्या म्हणाल्या.

"अम्मी, तुला काय ठाऊक?"

"ईदीच्या बोकडाच्या पायाची नळी हाय ती. मीच घातली. मेंदीला चांगलं असतंय. चहा बी माझाच, अंडी बी माझीच. लई बारीक काम केलंय लॅबच्या पोरानं."

"पन ही ढिगाची माती हाय, अम्मी."

"ढिगाची माती वर कुंडीत हाय. जेवढी घेतली तेवढी ठेवली, वर मूठभर जास्ती. आनि माझी माती त्यानं केली काय? फेकली असंल तर सांग त्याला, चार वर्षं लागली मला बनवायला."

अफसाना पदर तोंडात कोंबून आत पळाली. शारिक मात्र पायऱ्या उतरून थेट ढिगाकडं धावला. नवी माती काढली, पिशवी मांडीवर घेऊन ऑटोनं विष्णुपुरीच्या रस्त्यावरची लॅब गाठली. वाटेत पिशवी क्षणभर खाली ठेवली नाही. कुंडीची गोष्ट ऐकून सुगत डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसला, चष्मा पुसला आणि म्हणाला, "सगळं खरं हाय, पन तपासायला वेळ लागतो. सोमवारी देतो."

लग्न तर रविवारी.

शारिकनं काकांपुढं उभं राहून सगळं खरं सांगितलं. काकांनी ढिगाला एक चक्कर मारली. मग थकल्या आवाजात म्हणाले, "म्हंजे मांडव ढिगावरच घालावा लागतो."

"घालू की," भुजंग म्हणाला. हाड बोकडाचं निघाल्यापासून त्याला हुरूप आला होता. "बाहेर न्यायची मनाई हाय. सपाट करायची कुनी केली?"

शारिकनं डेपोवरच्या साहेबांना फोन करून विचारलं. साहेब म्हणाले, जागच्या जागी काय बी करा. मग शुक्रवार-शनिवार भुजंगनं मुरूम पसरला, पाणी मारलं, रोलर फिरवला. अंगणाच्या एका अंगाला दोन फूट उंचीचं झक्क स्टेज तयार झालं. वर सतरंज्या, मागं पांढरा पडदा, बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरी. रविवारी त्रिशरण-पंचशील झालं, फुलं पडली आणि शेवटच्या रांगेतल्या आत्याबाईंना, ज्यांना गेल्या तीन लग्नांत नुसत्या पाठी दिसल्या होत्या, धम्मप्रिया आणि नवरदेव डोळे भरून दिसले. पहिल्या रांगेतल्या रहमतबी स्टेजकडं बोट दाखवून व्याह्यांना सांगत होत्या, "ह्यातली थोडी माझ्या कुंडीत हाय."

सोमवारी सुगतचा रिपोर्ट आला. माती स्वच्छ, डेपोवर चालेल. शारिकनं तासभरही न दवडता दोन टिप्पर आणले. काका फाटकात उभे होते.

"काका, गाड्या आल्या. आज संध्याकाळपर्यंत अंगण मोकळं."

काका बाजूला झाले नाहीत. त्यांनी एकदा स्टेजकडं पाहिलं, एकदा चपलेकडं.

"काल एक पाव्हनं आपल्या धाकट्या लुंबिनीला बघून गेलं. पसंत हाय म्हनून राहिलेत."

"वा. लई चांगलं झालं."

"हाव. तर म्हनलं, माती राहू दे जराशी."

"किती दिवस, काका?"

काकांनी खाकरून घसा साफ केला. "चार दिवस," ते म्हणाले.