पाऊण इंची पाना आणि व्याह्यांचं बोट

"तू फक्त पोह्यांचं बघ. व्याह्यांना गप्पांत गुंगवायचं काम माझं!" असं म्हणत रघुवीररावांनी पलंगाखालची लोखंडी पेटी बाहेर ओढली आणि त्यांच्या पत्नी मृणालिनीताईंनी हातातलं पोह्यांचं भांडं खालीच ठेवलं.

पेटीत नट आवळायचे पाने होते. अमेरिकन! विमा कचेरीतून निवृत्त झालेल्या रघुवीररावांनी ते माझगावच्या दारूखान्यात, मोडीत काढलेल्या जहाजांच्या भंगारातून एकेक करून जमवले होते. रोज बाहेर काढायचे, तेल लावायचे, तान्ह्या बाळासारखे पुसून परत निजवायचे. नट मात्र त्यांनी जन्मात एकही आवळला नव्हता. गिरगावातल्या त्यांच्या घरचा नळ गळला तर प्लंबरच यायचा, आणि तो बिचारा मोरीत वाकलेला असताना हे त्याला अमेरिकेचा इतिहास ऐकवायचे!

संध्याकाळी घोडपदेवहून रमाकांतराव आणि शांताताई आले. त्यांचा राहुल आणि यांची रुचा, दोघांचं जमलेलंच होतं. साखरपुड्याची तारीख ठरवायची, बस्स. पण तारखेच्या आधी पेटी उघडली!

"हा बघा, क्राफ्ट्समन! सीअर्स नावाच्या अवाढव्य दुकानाचा. आणि गंमत म्हणजे दुकानानं स्वतः एकही पाना बनवला नाही! बनवायचे वेगळेच कारखाने. दुकान आपलं नुसतं नाव ठोकून विकायचं."

"म्हणजे आमच्याकडच्या चकल्यांसारखं," रमाकांतराव म्हणाले. "तळतात चाळीतल्या बायका, पिशवीवर नाव दुकानाचं."

"अगदी बरोबर!" रघुवीरराव फुललेच. असा श्रोता त्यांना आजवर मिळाला नव्हता. "मग खरा बाप कोण, हे कसं ओळखायचं? दांड्यावर बारीक अक्षर असतं. हे बघा, व्ही! ही त्या कारखान्याची खूण. या पान्याचा जीव आहे त्या व्हीत! शिवाय गॅरंटी जन्मभराची. मोडला तर दुकानात न्यायचा, नवा घेऊन यायचा."

"अजून देतात?"

"छे! दुकानं जवळपास सगळी बंद झाली. क्राफ्ट्समन हे नावसुद्धा दुसऱ्यांना विकलं."

"मग जन्मभर म्हणजे नेमका कुणाचा जन्म धरायचा?"

रघुवीररावांनी उत्तराऐवजी पानाच त्यांच्या हातात ठेवला. रमाकांतरावांनी त्याचं गोल तोंड अंगठीसारखं बोटात सरकवून बघितलं. माप इतकं बरोबर निघालं की पाना परत यायला तयारच होईना!

"अरे देवा, माजा बोट अडाकला!" सगळं आयुष्य मुंबईत गेलं होतं, पण संकटात रमाकांतराव मालवणीतच ओरडायचे.

साबण झाला. खोबरेल झालं. मृणालिनीताईंनी साजूक तूप आणलं. "फिरवा, फिरवा! आतून बारा कोनांचा आहे, कुठल्या तरी कोनात सुटेलच!" रघुवीरराव धीर देत होते. फिरवून फिरवून बोटाचं वांगं झालं! शेवटी रुचा म्हणाली, "बाबा, आता पुरे. फायर ब्रिगेडवाले अडकलेल्या अंगठ्या कापतात, तिकडे जाऊ."

टॅक्सीत रमाकांतराव पाना खिडकीबाहेर धरून बसले. शेजारचा स्कूटरवाला हे बघून एकदम मागे राहिला. त्याला वाटलं, हाणामारीला निघालेत!

अग्निशमन केंद्रातल्या जवानानं हात टेबलावर ठेवून घेतला, छोटं कटर काढलं. "दांडा मधे येतोय. आधी तो उडवतो, मग कडं कापतो."

घर्रर्र! ठिणग्या उडाल्या आणि पातं सरकत सरकत नेमकं त्या अक्षराकडे निघालं. रघुवीररावांचा तोल गेला.

"थांबा! व्ही! व्ही वाचवा हो! काहीही करा, पण माझा व्ही वाचवा!"

कटरच्या आवाजात सगळ्यांना ऐकू आलं ते, "व्याही वाचवा!"

"काका, घाबरू नका," जवान म्हणाला. "तुमच्या व्याह्यांना काही होत नाही."

शांताताईंनी डोळ्यांना पदर लावला. "किती तो जीव! सख्खा भाऊ पण ओरडायचा नाही असा." मृणालिनीताईंना मात्र खरं काय ते बरोबर कळलं होतं.

कडं निघालं. लालबुंद बोट सांभाळत रमाकांतरावांनी रघुवीररावांना मिठी मारली. "असो व्याही शोधून गावाचो नाय! तारीख तुम्ही सांगा, आम्ही तयार." मग टेबलावरचे तुकडे गोळा करत ते म्हणाले, "हे आठवण म्हणून मी ठेवू?"

नाही म्हणायची सोय होती का? "ठेवा की," रघुवीरराव कसेबसे म्हणाले.

"अहो, तुकडे कसले नेता?" मृणालिनीताई पुढे झाल्या. "आख्खी पेटीच तुम्हाला! इतकं कौतुकानं ऐकणारं माणूस आम्हाला कुठे मिळायचं? हे उद्या स्वतः घरी आणून देतील. काय हो, द्याल ना?"

रघुवीरराव अगदी खालच्या आवाजात "हो" म्हणाले. कटर आता बंद होतं. त्यामुळे ते मात्र सगळ्यांना अगदी स्पष्ट ऐकू गेलं.