रामटेके काकांचं चाक

पाळीव प्राण्यांच्या दुकानात उभं राहून, डोळे मिटून, हॅमस्टरच्या व्यायामाच्या चाकाला कान लावणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. ते म्हणजे आमच्या समोरच्या फ्लॅटमधले रामटेके काका. बोटाने चाक फिरवायचं, ते थांबेपर्यंत ऐकायचं आणि "परत!" म्हणून बाजूला सारायचं, असं चाललं होतं. दुकानाच्या मालकीणबाई मोठ्या कौतुकाने म्हणाल्या, "हे बेअरिंगचं आहे काका, अजिबात आवाज नाही." काका म्हणाले, "तोच तर दोष आहे." शेवटी तळाच्या खोक्यातून एक जुनं, तारांच्या दांड्यांचं चाक निघालं. खर्र खर्र टक, खर्र खर्र टक. काकांचा चेहरा एकदम सैल पडला आणि डोळे न उघडताच ते कुणाला तरी म्हणाले, "हाव, आलो."

दुकानात आम्ही तिघंच होतो. बाईंनी माझ्याकडे पाहिलं, मी हॅमस्टरकडे पाहिलं. तो गाढ झोपला होता.

काका मूळचे भंडाऱ्याकडचे. सगळी नोकरी खडकीला संरक्षण खात्याच्या कारखान्यात तपासनीस म्हणून झाली. निवृत्तीनंतर वारज्यात आले, पण तपासणी सुटली नाही. भाजीवाल्याची भेंडी, लिफ्टचं दार, शेजारच्या नव्या सुनेचा चहा, सगळं उजेडात धरून पाहायचे. मी घरून सॉफ्टवेअर टेस्टिंगचं काम करते, म्हणजे तशी त्यांच्याच जातकुळीतली. पण त्यांना ते मान्य नव्हतं. "जे हाताला लागत नाही ते काय तपासतेस, पोरी?" म्हणायचे. माझ्या मॅनेजरचंही साधारण हेच मत आहे.

मागच्या वर्षी विमलकाकू गेल्या. त्यानंतर काका दिवसभर ठीक असत, पण तिन्हीसांजा झाल्या की घरात थांबत नसत. कुलूप लावून खाली पार्किंगमध्ये कुणाच्या तरी स्कूटरवर बसून राहायचे, आणि चार माणसं घरी परतायला लागली की मग वर यायचे. भीती वाटते का, असं विचारलं तर चिडायचे. "आम्ही बुद्धाचे लोक. भूतबित काही मानत नाही. नसतेच ते." मग जरा थांबून म्हणायचे, "असते तर बरं झालं असतं."

काकांच्या बंगळुरूच्या मुलाला हे कळलं, तेव्हा त्याने स्पष्टच सांगितलं, "बाबा, संध्याकाळी स्वतःच्या घरात बसता येत नसेल तर फ्लॅट विका आणि इकडे या." काकांना मरण चाललं असतं, पण ते घर सोडणं नको होतं. तोडगा नातीने काढला. व्हिडिओ कॉलवर तिने तिच्या मैत्रिणीचा हॅमस्टर दाखवला आणि म्हणाली, "आजोबा, हा दिवसा झोपतो आणि संध्याकाळी उठतो. तुमच्या ड्यूटीला अगदी फिट आहे."

म्हणून आम्ही त्या दुकानात गेलो होतो. पिंजऱ्याची निवड तर बघण्यासारखी होती. काकांनी खिशातून व्हर्नियर काढून दोन तारांमधलं अंतर मोजलं. "याच्यातून डोकं गेलं की अख्खा गेला समज. परत!" घसरगुंडीवाला दुमजली गुलाबी पिंजरा पुढे आला, तर म्हणाले, "तुम्ही त्याला उभी बिल्डिंग देऊन राहिल्या, बाई. त्याला पळायला आडवी जागा पाहिजे, खाली बोटभर भुसा पाहिजे खणायला." बाईंनी आमच्यापुढे हात टेकले. मात्र ते तारेचं चाक बाजूला काढल्यावर त्या मनापासून म्हणाल्या, "हे नका घेऊ काका. दांड्यांमध्ये त्याचा पाय अडकतो. चाक आतून सलग, सपाट हवं." मीही तेच म्हटलं. आयुष्यभर ज्या माणसाने साधा ओरखडा पास केला नाही, त्याने ते चाक निमूटपणे पिशवीत घातलं.

मग आमच्या मजल्यावर एक विचित्र गोष्ट सुरू झाली. रोज दिवेलागणीला काकांच्या बंद दारामागून शिलाई मशीनचा आवाज येऊ लागला. विमलकाकू त्या वेळी आतल्या खोलीत फॉल-पिको करायला बसायच्या, आणि त्यांच्या मशीनची लय अख्ख्या विंगच्या कानात होती. खर्र खर्र टक. मला माहीत होतं की तो हॅमस्टर आहे, तरी पहिल्या दिवशी माझ्या अंगावर काटा आला. तिसऱ्या मजल्यावरच्या देशमुखबाई तर नव्या साडीला फॉल लावून घ्यायला वर आल्या. दाराशी पोचल्या, बेलवर बोट ठेवलं आणि तशाच उभ्या राहिल्या. मग जिन्याने खाली गेल्या. लिफ्ट समोर उघडी होती.

मी एकदा संध्याकाळी आमटी द्यायला गेले. काका बाहेरच्या खोलीत पेपर वाचत होते. आतल्या खोलीचं दार अर्धवट लोटलेलं, आत अंधार, आणि अंधारात तो आवाज. काकूंचं मशीन तिथेच होतं आणि पिंजरा त्याच्या शेजारी. काका मधूनच पेपरातलं काहीतरी मोठ्याने वाचायचे आणि थांबायचे, जणू पलीकडून शेरा येणार आहे. मला तिथे उभं राहवेना.

"काका, मशीन आहे की घरात. आवाजच हवा तर पाय मारा ना."

"मारून पाहिला," ते म्हणाले. "अगदी तसाच येते. पण मग माहीत असते ना, की मीच आहो." पेपराची घडी घालत हळूच म्हणाले, "साहेबाचं तसं नाही. तो त्याच्या मनानं पळते."

हॅमस्टरचं नाव त्यांनी साहेब ठेवलं होतं. दिवसा ते घरात चवड्यांवर चालायचे. "साहेब झोपले आहे," असं कुरिअरवाल्यालाही खुणेने सांगायचे. घरी बसून त्यांचा चेहरा भरला. मुलाने बंगळुरूचा विषय काढणं बंद केलं.

आणि एका संध्याकाळी आवाज मध्येच तुटला. लगेच माझी बेल वाजली. काका ओंजळीत साहेबाला घेऊन उभे होते. मीच त्याला टॉवेलमध्ये घेतलं. मागचा पाय दांड्यांत अडकून सोलवटला होता. रिक्षात काका एकच वाक्य बोलत राहिले, "मला माहीत होतं. पाह्यलं होतं मी." प्राण्यांच्या डॉक्टरांनी पाय तपासला आणि म्हणाले, हाड शाबूत आहे, नशीब. मलम दिलं, जखम भरेपर्यंत चाक काढायला सांगितलं आणि नंतर सपाट चाक लावा म्हणून बजावलं. साहेब आठवडाभर भुशात पडून होता. काका पुन्हा पार्किंगमध्ये दिसू लागले, आणि मला वाटलं, आता घर विकणार.

जखम भरली तशी काकांनी दुकानातलं ते सपाट, बेअरिंगचं चाक आणून बसवलं, मला न सांगता. मला कळलं ते त्या दिवशी दिवेलागणीला. स्कूटरवर कुणी नव्हतं, आणि समोरच्या दारामागून कसलाच आवाज येत नव्हता. आधीच्या आवाजाने मी दचकत होते, पण ही शांतता त्याहून वाईट होती. दार नुसतंच लोटलेलं होतं, ते ढकलून मी आत गेले. काका अंधारात, आतल्या खोलीच्या उंबऱ्याशी खुर्ची टाकून बसले होते. आत चाक भन्नाट फिरत होतं आणि कणभरही आवाज नव्हता.

"चांगलं चाक आहे," काका म्हणाले. "पास."

मग ते म्हणाले, "पोरी, एक काम करशील? तुझा लॅपटॉप घेऊन ये. माझ्याजवळ नको बसू, आत बस. तुझं तुझं काम कर. माझ्याकडे लक्ष नको देऊ."

मी लॅपटॉप आणला. मशीनशेजारच्या काकूंच्या स्टुलावर बसले आणि ऑफिसचं राहिलेलं काम काढलं. कीबोर्डच्या कळा टकटक वाजू लागल्या. बाहेर बराच वेळ काही हललं नाही. मग दिव्याचं बटण दाबल्याचा आवाज झाला, स्वयंपाकघरात कढई ठेवली गेली, आणि काकांनी नेहमीच्या घरगुती आवाजात विचारलं, "आज तिखट कमी टाकू काय?"

प्रश्न मला होता की आणखी कुणाला, ते मला कळलं नाही. मी आतूनच हो म्हटलं.