माज आलेलं वायफाय

आमचे घरमालक दत्तूकाका यांनी एकदा भर मे महिन्यात पंख्याला शिक्षा केली. पंखा कुरकुर करत होता. काकांनी स्टुलावर चढून तेल घातलं, तरी तो थांबेना. मग ते खाली उतरले, बटण बंद केलं आणि पंख्याकडे बोट रोखून म्हणाले, "माज आलाय तुला. ऱ्हा आता तसाच." सोलापूरचा उन्हाळा. पंखा आठवडाभर छताला निवांत लटकून होता आणि त्याच्याखाली काका घामानं निथळत, त्याच्याकडे खुन्नसनं बघत बसले होते. सुलाकाकूंनी पदरानं वारा घेत विचारलं, "शिक्षा कुणाला चाललीया, त्याला का आपल्याला?" काका म्हणाले, "तू त्याची बाजू घिऊ नगंस."

माज हा काकांचा लाडका शब्द. त्यांच्या मते जगात काही बिघडत नाही, त्याला माज येतो. मिक्सरला माज आला म्हणून तो माळ्यावर गेला; तेव्हापासून काकू शेंगाचटणी खलबत्त्यात कुटतात. घड्याळ मागं पडतं म्हणून ते भिंतीकडं तोंड करून टांगलंय. आणि नळाचं पाणी चार-चार दिवसांनी येतं, तो तर माजाचा कळस. पाणी यायच्या दिवशी काका पहाटेपासून नळासमोर उभे राहून त्याला जे ऐकवतात, ते इथं लिहिता येणार नाही.

काका मूळचे वैरागकडचे, पण उभी हयात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत गेली. तिथं ते जॉबर होते, म्हणजे बिघडलेले यंत्रमाग दुरुस्त करणारे. मागांच्या खडखडाटात ओरडल्याशिवाय शेजारच्याला ऐकू जात नाही. काका रिटायर झाले, त्यांचा आवाज अजून नोकरीवरच आहे. ते "जरा मीठ वाढ" म्हणाले तरी समोरच्या घरातलं कुत्रं भुंकायला लागतं. अडलेल्या मागाला एक लाथ घातली की तो सरळ चालतो, हा त्यांचा अनुभव. तोच त्यांनी घरातल्या सगळ्या वस्तूंना लावला, आणि माणसांनाही.

मी त्यांच्या वरच्या खोलीत भाड्यानं राहते. दहावीच्या मुलांना संध्याकाळी ऑनलाइन गणित शिकवते, त्याच्यावरच माझं चालतं. खोलीत मोबाइलला रेंज मिळत नाही, म्हणून खालच्या वायफायवर माझा सगळा संसार. मीही काही शांत बाई नाही. एकच पायरी तीनदा समजावून सांगितल्यावर पोरगं "मॅडम, परत एकदा" म्हणालं की माझी कानशिलं तापतात. त्यामुळं काकांचं आणि माझं पहिल्या दिवसापासून छान भांडण जमलं होतं.

हे वायफाय काकांच्या मुलानं, महेशनं, घरात आणलं. एकुलता एक मुलगा. टॉवेलच्या कारखान्यात कॉम्प्युटरवर डिझाइन करतो. पासवर्डही त्यानंच ठेवला आणि घरातल्या सगळ्यांच्या फोनात, माझ्याही, स्वतः टाकून दिला. कुणी विचारला नाही, त्यानं सांगितला नाही. एका दुपारी तो घरून कारखान्याच्या मीटिंगला बसला होता, समोर पडद्यावर मालक. काकांनी जेवायला हाक मारली. पुन्हा मारली. मग ते उठले, वायफायची वायर भिंतीतून उपटली आणि गरजले, "भाकरी गार व्हायली. लई माज आलाय ह्या डब्याला!"

महेश काही बोलला नाही, हे वाईट झालं. भांडला असता तर निभावलं असतं. त्यानं लॅपटॉप मिटला आणि संध्याकाळी बायकोला घेऊन गावाबाहेर कुंभारीला राहायला गेला. काका ओट्यावरून त्याच्या पाठीला ओरडले, "जा की! कुणी धरलंय?" काकूंनी वायर परत लावली. पण त्या दिवसापासून काकांनी मुलाचं नाव घेतलं नाही.

आणि या गेल्या श्रावणात, पाणी भरताना, माझा फोन बादलीत पडला.

नवा फोन घेतला. त्यानं पासवर्ड मागितला. मी खाली गेले. "काका, वायफायचा पासवर्ड?"

"मला काय म्हाईत? तुमच्या फोनला माज आलाय. जुना कसा गप चालत हुता!"

मग आम्ही अंदाज लावायला बसलो. काका सोफ्यावरून ओरडत होते आणि मी टाइप करत होते. "वैराग टाका." चुकीचा. "त्याच्या गाडीचा नंबर टाका." चुकीचा. "सूनबाईचं नाव टाका, तीच लाडकी हाय त्याची." चुकीचा. डब्याच्या बुडाला कंपनीचा एक पासवर्ड चिकटवलेला होता, तोही चुकीचा. काकांनी ग्रामदैवतापासून कुलदैवतापर्यंत सगळ्यांना कामाला लावलं. कुणाचंच चाललं नाही. शेवटी ते माझ्या हातातल्या फोनवर इतके भडकले की मी तो पाठीमागं लपवला.

काकू स्वयंपाकघरातून हळूच म्हणाल्या, "महेशला एक फोन करा की."

काका उसळले. "मी करू? त्याला? आन् तू केलास तर बघ!"

"बरं, मी करते," मी म्हणाले.

"तुमीबी न्हाई! माझ्या घरातनं त्याला फोन जायाचा न्हाई. माझं घर, माझं वायफाय. त्याचे उपकार कशाला?"

उपकार! इकडे माझा वर्ग बुडत होता. दुसऱ्या दिवशी मुलांच्या आया विचारायला लागल्या. दोघींनी स्पष्टच सांगितलं की असंच चाललं तर मुलांना दुसरीकडे घालावं लागेल. मी संतापले. काकांना न विचारता वायफायची लाइन बघणाऱ्या माणसाला बोलावलं.

तो भला माणूस. त्यानं काका-काकूंचे मोबाइल बघितले, म्हणाला, फार जुने आहेत, ह्यांतून पासवर्ड निघत नाही. "पण काळजी नको. ह्या बारक्या भोकात पिन दाबली की डबा कोरा. नवीन पासवर्ड टाकायचा. दोन मिनिटांचं काम." त्यानं काकूंकडून सेफ्टीपिन मागून घेतली. ती डब्याला टेकली मात्र, काका सोफ्यावरून असे उठले की चहाचा कप कलंडला.

"हात लावू नगंस त्याला!"

"अहो काका, काही होत नाही. फक्त सगळ्यांचे फोन परत जोडायचे."

"सगळ्यांचं म्हंजे? जे घरात न्हाईत त्येंचं कसं जोडशील?"

भांडायला काहीतरी निमित्त हवं म्हणून विचारताहेत, असं मला वाटलं. तो माणूस बिचारा सेफ्टीपिन टेबलावर ठेवून निघून गेला. आणि मी फुटले. इतक्या वर्षांत काकांवर कुणी असं ओरडलं नसेल. "पंख्याला शिक्षा, मिक्सरला शिक्षा, आता मला! माझं पोट आहे यावर. तुमच्या हट्टापायी मी का उपाशी मरायचं? माझं चुकलं, इथं राहिले. मी खोली सोडते!"

मी पाय आपटत वर आले आणि खरंच पुस्तकं खोक्यात भरायला लागले.

थोड्या वेळानं जिन्यात पावलं वाजली. काका कधी वर येत नाहीत. गुडघ्यांना माज आलाय. दारात उभे राहिले, धापा टाकत. हातात तो जुना मोबाइल. मग त्यांनी आवाज खाली आणला. म्हणजे त्यांना वाटलं आणला. सगळ्या गल्लीला ऐकू गेलं असेल.

"कुणाला सांगू नगा, बाई. हे महेशनंच बसवून दिलंय ह्यात. कुणाचा फोन वायफायला लागला की हे वाजतंय आन् नाव येतंय." ते थांबले. "कारखाना सुटला की त्यो ह्याच वाटंनं जातोय. गल्लीच्या तोंडाला, भिंतीपल्याड थांबतोय गाडी लावून. हितनं दिसत न्हाई. पर हे वाजतंय. 'महेश' म्हणून येतंय. ऱ्हातो थोडा येळ, मग जातोय. रोज."

मी हातातलं पुस्तक खाली ठेवलं.

"पासवर्ड बदलला तर त्याचा फोन लागंल का? न्हाई ना? मग मला कळायचं कसं, आज आलावता का न्हाई?"

खाली काकूंच्या भांड्यांचा आवाज बंद झाला होता.

"काका, मग बाहेर जाऊन भेटा ना त्याला! भिंतीपल्याड तर आहे!"

"मी?" काकांचा खरा आवाज परत आला. "मी कशापायी जाऊ? माज आलाय त्याला! पार गल्लीपतुर येतोय आन् दारापतुर पाय वळत न्हाईत!" त्यांनी डोळे पुसले आणि डोळ्यांचाही राग आल्यासारखे ते जिना उतरून गेले.

मला वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. पण राग गेला नाही, तो दुप्पट झाला. बाप घरात मोबाइल धरून बसणार, मुलगा भिंतीआड उभा राहणार, आणि ह्या दोघांच्या मध्ये माझं गणित बुडणार!

दुसऱ्या दिवशी कारखाने सुटायच्या वेळेला मी गल्लीच्या तोंडाशी जाऊन उभी राहिले. महेश आला. केसांत सुताची पिंज, पाठीला सॅक. गाडी स्टँडवर लावली आणि मोबाइल काढून बघत उभा राहिला.

"महेश!" मी म्हणाले. "वायफायचा पासवर्ड सांगा."

तो दचकला. आणि त्याचा चेहरा एकदम उतरला. "का हो ताई? अण्णांनी बदलला का?" काकांना तो अण्णा म्हणतो. उत्तराची वाट न बघता त्यानं परत मोबाइलमध्ये डोकं घातलं. मग हसला. "न्हाई न्हाई. लागलंय की. आत्ताच लागलं."

"तुम्ही इथं उभं राहून काय बघता रोज?"

तो गाडीच्या आरशाशी चाळा करत राहिला. "हेच. लागतंय का न्हाई. अण्णांचा राग तुमाला म्हाईत हाय, ताई. एकदा नको म्हटलं की वस्तू माळ्यावर जाते. मला वाटलं हुतं, दुसऱ्याच दिवशी पासवर्ड बदलतील. रोज येताना छातीत धडधडतंय. लागलं की म्हणायचं, अजून काढलेलं न्हाई आपल्याला. आन् जायाचं."

बापलेकांना समोरासमोर उभं करून दोघांच्या कानाखाली वाजवावी, एवढंच मला सुचत होतं. मी नवा फोन त्याच्या हातात कोंबला.

"मला जमत नाही टाकायला. घरी येऊन तुम्हीच टाकून द्या."

"ताई, तुमी गणित शिकवता आन् पासवर्ड टाकता येत न्हाई?"

"नाही येत!" मी अशी ओरडले की किराणा दुकानातली माणसं बाहेर आली. "चला म्हणते ना! माझा वर्ग बुडतोय!"

तो आला. माझ्या भीतीनं आला, का दुसऱ्या कशानं, मला माहीत नाही. फाटकाशी थोडा घुटमळला, मी मागं उभीच होते. दारात चपला काढल्या. काका समोरच सोफ्यावर होते, मोबाइल दोन्ही हातांत धरून. त्यांनी मान वर केली नाही.

"अगं ए," ते स्वयंपाकघराकडे तोंड करून ओरडले, "इचार त्याला, जेवणार हाय का!"

काकू पीठ लागलेल्या हातांनी दारात आल्या. महेश त्यांच्याकडे बघून म्हणाला, "जेवतो म्हणावं."

"गरम आसंल तरच वाढ त्याला," काका काकूंना म्हणाले. "गार वाढू नगं."

काकू तशाच आत गेल्या आणि तव्यावर भाकरी पडल्याचा आवाज आला. बापलेक समोरासमोर ताटावर बसले. बोलत नव्हते. काका मुलाच्या ताटात न विचारता चटणी वाढत होते, तो न बोलता खात होता. मी मध्येच उभी. कुणी मला बस म्हटलं नाही, कुणी जा म्हटलं नाही. त्या संध्याकाळीही माझा वर्ग बुडालाच.

जेवता जेवता महेशनं डाव्या हातानं माझा फोन ओढून घेतला आणि पासवर्ड टाकला. तो काय आहे, हे मला आजही माहीत नाही. फोन लागला. काकांचा मोबाइल सोफ्यावर वाजला.

काकांनी तिकडे बघितलंसुद्धा नाही.