खोकला राहिला, भूक लागली

तेर गावच्या हुसेनचाचा हकिमांच्या दवाखान्याची भिंत दुरूनच लाल दिसे. गुण आलेल्या प्रत्येक रोग्याला ते हात गेरूत बुडवायला लावत आणि भिंतीवर ठसा घेत. नवा माणूस आला की म्हणत, "अगोदर भिंत बघा, मग नाडी दावा."

मी तिथला शाळामास्तर. शंका काढणं हा माझा धंदाच. एकदा विचारलं, "चाचा, ज्यांना गुण आला नाही त्यांचे ठसे कुठं आहेत?"

"त्यांनी पथ्य मोडलं, मास्तर. पथ्य मोडलं की तो माझा रोगीच न्हाय."

शेवंताबाई महिनाभर खोकल्याची पुडी खाऊन खोकतच आली. चाचा म्हणाले, "भूक लागती का?" "लागती की." "मग लावा हात!" बाई खोकत खोकत ठसा उमटवून गेली. एका म्हाताऱ्याचा गुडघा चोळून बरा झाला नाही, पण त्याला झोप लागली. तोही भिंतीवर गेला. हे किस्से मी गावभर तिखटमीठ लावून सांगायचो.

मग माझी पाच वर्षांची शांता तापानं फणफणली. माझं सगळं शहाणपण गळालं आणि मी चाचांकडंच धावलो. तिसऱ्या दिवशी ते घरी आले, तरी पोरीचं अंग भाजतच होतं. मी केविलवाणा होऊन म्हणालो, "चाचा, आज तिनं भाकरी मागितली बघा."

चाचा तडकलेच. "भाकरीचं ऱ्हाऊ द्या. म्या तापाची पुडी दिली हुती. ताप हाय का न्हाय, तेवढं बोला."

"आहे."

"मग उठा. धाराशिवची गाडी धरा."

स्वतः बरोबर आले. सरकारी दवाखान्यात डॉक्टरांपुढं आपल्या पुड्या मांडून म्हणाले, "साहेब, तीन रोज हे दिलं. गुण न्हाय आला." हे वाक्य त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकलं. मला हसू आलं नाही.

नवव्या दिवशी ताप उतरला. मी व्हरांड्यात येऊन पोटभर रडलो. जीव भांड्यात पडणं म्हणजे काय ते तेव्हा कळलं. चाचा तिथंच बसून होते, पहिल्या दिवसापासून.

"माझी जैनब एवढीच हुती," ते हळूच म्हणाले. "ताप तसाच, पण खायाला मागाया लागली. म्या लई खुश झालो, मास्तर. घरीच ठेवली."

त्यांना मुलगी होती हे मला ठाऊकच नव्हतं. हाताला धरून त्यांना आत नेलं.

शांता जागी होती. "चाचा, घरी कधी जायचं?"

चाचांनी तिच्या कपाळावर हात ठेवला. "डॉक्टरसाहेब म्हणतील तवा, बेटा."